‘काही महिन्यांनंतर’

हिंदी-मराठी सिनेमात एक पाटी हमखास येते. नायक कोसळलेला असतो, ओरडून ओरडून घसा बसलेला. चार वॉर्डबॉय त्याला धरून लांबलचक बोळातून ओढत नेतात, लोखंडी दार धाडकन लागतं, पडदा काळा होतो आणि त्यावर अक्षरं उमटतात : ‘काही महिन्यांनंतर’. पुढच्या दृश्यात तोच माणूस गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बागेतल्या बाकावर बसलेला असतो आणि डॉक्टर घरच्यांना सांगत असतात, ‘आता हे पूर्ण बरे आहेत, घरी न्यायला हरकत नाही.’

त्या पाटीने गिळलेल्या महिन्यांशी माझं मन अडून बसतं. मानसिक आजार म्हणून जे काही असतं त्यातलं बहुतेक सगळं त्या काळ्या पडद्यामागे घडतं. आणि ज्याला आपण समाजाची अनास्था म्हणतो तिचा मुक्कामही तिथेच असतो. एखाद्याचा तोल सुटतो त्या दिवशी घरात माणसांचा तुटवडा नसतो. शेजारी धावून येतात, कुणीतरी गाडी काढतं, कुणी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतं. आटतं ते पुढे. सातव्या महिन्यात दारावरची बेल वाजत नाही. सिनेमाला तोल सुटण्याचा दिवस हवा असतो. सातवा महिना त्याच्या कामाचा नाही.

माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया होता. विशीत जडलेला हा आजार त्याने म्हातारपणापर्यंत सोबत नेला. एवढ्या काळात सिनेमात शोभेल असं काही घडलं ते एखाद-दुसऱ्या वेळेला. बाकी सगळा काळ तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असे. अंघोळीला जा म्हटलं की ‘जातो’ म्हणे आणि बसून राही. इच्छा उरत नाही, बोलणं कमी होत जातं, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात, यांना डॉक्टर नकारात्मक लक्षणं म्हणतात. भास आणि संशय गोळ्यांनी पुष्कळदा आटोक्यात येतात, पण हे बसून राहणं गोळीला सहसा दाद देत नाही. पाहुण्यांना नेमका हाच आळस वाटतो. ‘आता आवाज ऐकू येत नाहीत ना? मग कामाला का जात नाही?’ आमच्या घरी येऊन गेलेल्या जवळपास प्रत्येकाने हे कधी ना कधी विचारलं आहे, बहुतेकांनी मामाच्या समोर.

त्याच्या गोळ्यांचं खातं धाकट्या मावशीकडे होतं. तिची पद्धत ठरलेली. गोळी तळहातावर, पेला हातात, घोट झाला की ‘आ कर’. मग जीभ वर, डावा गाल, उजवा गाल. एकदा कपाट सरकवलं तेव्हा मागे गुलाबी-पांढऱ्या गोळ्यांचा सडा सापडला होता, तेव्हापासूनची ही तपासणी. मामा सगळं निमूट करायचा आणि शेवटी विचारायचा, ‘झालं का समाधान, इन्स्पेक्टर?’ ही त्याची विनोदबुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पडद्यावरच्या मनोरुग्णावर लोक हसतात, पण तो स्वतः कधी विनोद करताना दिसत नाही. गोळ्यांनी मामाचे हात थरथरायचे, तोंडाला लाळ सुटायची, पोट सुटलं होतं. सिनेमातला रुग्ण औषधांनी जाडा झालेला कुणी पाहिलाय का? त्याचे केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले, पण शरीर मात्र जिममध्ये कमावलेलं. हाताच्या कंपामुळे बँकेत सही जुळत नाही, पुन्हा पुन्हा करावी लागते आणि मागच्या रांगेतून उसासे ऐकू येतात, असा रुग्ण मी कुठल्याही सिनेमात पाहिला नाही.

अर्थात सिनेमाकडून आरोग्यखात्याच्या पुस्तिकेची अपेक्षा कुणी करत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आजाराचा काळ वगळला की त्या काळात रुग्णाशेजारी बसलेला माणूसही वगळला जातो, आणि हे आपल्या सिनेमात इतक्या सातत्याने झालं आहे की तो जणू नियमच बनला.

१९७० च्या सुमाराला दोन गाजलेले हिंदी सिनेमे आले. असित सेन यांचा ‘खामोशी’ आणि संजीव कुमार-मुमताज यांचा ‘खिलौना’. ‘खिलौना’त प्रेमभंगाने वेड्या झालेल्या मुलासाठी श्रीमंत ठाकूर एका तवायफेला त्याची बायको म्हणून घरात आणून ठेवतात. ती त्याला सांभाळते, त्याची मारझोड सोसते, त्याहून वाईटही सोसते. मग एका धक्क्यासरशी तो बरा होतो आणि ती कोण हेच त्याला आठवत नाही. जिने इतकं केलं तिच्याकडे घर संशयाने बघायला लागतं. शेवट गोड होतो, पण ते विसरणं माझ्या मनातून जात नाही. तेरा वर्षांनी आलेल्या ‘सदमा’त पुन्हा तेच. अपघातानंतर लहान मुलीसारखी झालेली श्रीदेवी, तिला जपणारा कमल हासन, उपचारानंतर तिची पुसली गेलेली मधली स्मृती, आणि रेल्वे स्टेशनवर तिने ओळखावं म्हणून माकडचेष्टा करणारा तो. तिला वाटतं, कुणी वेडा आहे. अख्खं थिएटर रडलं होतं म्हणतात. त्या रडण्यात एक गंमत आहे. हिंदी सिनेमाच्या हिशेबात रुग्ण बरा होणं म्हणजे त्याने सांभाळणाऱ्याला विसरणं. आजाराबरोबर सेवाही खोडली जाते, पाटी कोरी. प्रत्यक्षात बरा झालेला माणूस कुणालाही विसरत नाही. उलट कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं हे त्याच्या इतकं पक्कं लक्षात असतं की घरात अवघडल्यासारखं होतं.

या दोन-तीन सिनेमांत ‘खामोशी’ मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. गोष्ट तशी न पटणारीच आहे. मनोरुग्णालयातले वरिष्ठ डॉक्टर, ज्यांना सगळे कर्नलसाहेब म्हणतात, त्यांची कल्पना अशी की प्रेमभंगातून आलेला उन्माद प्रेमानेच बरा होईल, आणि ते प्रेम नर्सने अभिनय करून द्यायचं. राधा ही नर्स एका रुग्णावर हा प्रयोग यशस्वी करून दाखवते. तो बरा होऊन निघून जातो. मग दुसरा रुग्ण येतो आणि तिला पुन्हा तेच करायला सांगितलं जातं. ती नकार देते, शेवटी तयार होते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे सगळं भयंकर आहे. कुठल्याही रुग्णालयात असा डॉक्टर एक दिवस टिकणार नाही, टिकू नये. पण सिनेमा बघताना हळूहळू ध्यानात येतं की दिग्दर्शकाचं लक्ष रुग्णाकडे नाहीच. कमल बोस यांचा कॅमेरा वहिदा रेहमानच्या चेहऱ्यावरून हलायला तयार नसतो. जिना चढताना ती थबकते, कठड्यावर हात ठेवते, चेहरा अर्धा अंधारात. तिच्या आत काय चाललंय हे विचारायला कुणालाही सवड नाही. कर्नलसाहेबांना आपला सिद्धान्त सिद्ध करायचा आहे, रुग्णाला बरं व्हायचं आहे. शेवटी रुग्ण बरा होतो आणि राधाच कोसळते, त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल होते. आपण अभिनय कधी केलाच नव्हता, असं ती तेव्हा सांगते.

उपचारपद्धती खोटी, पण अनास्था खरी. मनोरुग्णालयात सर्वात दुर्लक्षित माणूस तिथला कर्मचारी असू शकतो, हे इतक्या वर्षांपूर्वी एका धंदेवाईक, गाण्यांच्या सिनेमाने सांगून ठेवलं. आपण त्यातली गाणी घेतली आणि बाकीचं सोडून दिलं.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं मात्र नाही. गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरच्या ‘अ ब्यूटिफुल माइंड’ला (२००१) चार ऑस्कर मिळाली. नॅश यांना १९५९ च्या सुमाराला स्किझोफ्रेनियाने गाठलं आणि १९९४ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मधली पस्तीस वर्षं. सिनेमात त्यांना माणसं दिसतात : कॉलेजातला खोलीमित्र, त्याची छोटी भाची, सरकारी गुप्तहेर. खऱ्या नॅशना आवाज ऐकू येत. पडद्याला दिसणारं काहीतरी लागतं, म्हणून हा बदल मी समजू शकतो. समजत नाही ते बायकोचं. सिनेमातली अलिशिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत पतिव्रतेसारखी पाठीशी उभी राहते आणि नोबेलच्या भाषणात प्रेमाचा विजय होतो. प्रत्यक्षातल्या अलिशियाने १९६३ मध्ये घटस्फोट घेतला होता. मग १९७० मध्ये, नॅशना जायला जागा उरली नाही तेव्हा, तिने त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं, एक प्रकारे भाडेकरू म्हणून. दोघांनी पुन्हा लग्न केलं ते २००१ मध्ये, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी.

या खऱ्या गोष्टीत केवढा ऐवज आहे! जिला नवरा म्हणून तो झेपला नाही, तिने माणूस म्हणून त्याला छप्पर दिलं. तिने स्वतःला आधी वाचवलं, म्हणून पुढे ती त्याला वाचवू शकली. आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत अशा घटस्फोटित बायकांना ‘संकटात सोडून गेली’ म्हणून नावं ठेवली जातात. हा भाग सिनेमात असता तर त्यांची बाजू कुणीतरी मांडल्यासारखं झालं असतं. तसंच प्रिन्स्टन विद्यापीठाचं. नॅश तिथल्या इमारतींतून भुतासारखे फिरत, रात्री फळ्यांवर अगम्य सूत्रं लिहून ठेवत. विद्यार्थी त्यांना फाइन हॉलचं भूत म्हणत, पण त्यांना कुणी हाकललं नाही. ग्रंथालय उघडं राहिलं, फळा उघडा राहिला. अनास्थेच्या विरुद्ध जे काही असतं त्याला भाषणं लागत नाहीत, त्याला असा उघडा फळा लागतो. आणखी एक फरक. सिनेमातले नॅश नोबेलच्या वेळी ‘नवी औषधं घेतो’ म्हणतात, तर खऱ्या नॅशनी १९७० नंतर औषधं घेतलीच नव्हती. हे वाक्य घातलं ते बरंच केलं असं माझं मत आहे. आजाराला असा आपसूक उतार पडणं फार थोड्यांच्या नशिबी येतं, आणि मामाच्या गोळ्या सुटल्या की काय होत असे ते आम्ही पाहिलेलं आहे.

आता ‘जोकर’. २०१९ च्या त्या सिनेमाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे सरकतच नाही, कारण ‘समाजाने झिडकारलेला मनोरुग्ण’ म्हटलं की हल्ली लोकांना त्याचा नायक आर्थर फ्लेकच आठवतो. या सिनेमातली दोन दृश्यं मला पाठ आहेत. एक बसमधलं. आर्थर समोरच्या लहान मुलाला हसवत असतो, मुलाची आई त्याला गप्प बसवते, आणि आर्थरला हसू फुटतं. ते हसू त्याच्या हातात नाही. मेंदूच्या एका विकारामुळे ते उसळतं, घशात अडकतं, त्याला गुदमरवतं. तो खिशातून एक कार्ड काढून बाईंना देतो. माझ्या हसण्याबद्दल क्षमा करा, मला एक आजार आहे, अशा अर्थाचं. कार्ड लॅमिनेट केलेलं आहे. म्हणजे हे त्याच्यावर इतक्यांदा गुदरलेलं आहे की कागद टिकेना, तेव्हा त्याने ते प्लॅस्टिकात घालून घेतलं. या एका तपशिलात तो काळ्या पडद्यामागचा अख्खा काळ मावला आहे.

दुसरं दृश्य सरकारी कचेरीतलं. फायलींच्या ढिगात बसलेली समाजसेविका त्याला सांगते की शहराने निधी कापलाय, पुढच्या आठवड्यात हे ऑफिस बंद होतंय, ही आपली शेवटची भेट. आर्थर विचारतो की मग माझी औषधं मला कोण देणार? त्याला सात औषधं चालू असतात. ती त्याला जे उत्तर देते त्याचा मथितार्थ असा की त्यांना तुझ्यासारख्यांचं काही पडलेलं नाही, आणि माझ्यासारख्यांचंही नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसं एकाच फेऱ्यात सापडली आहेत, हे यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही. ‘खामोशी’तली राधा आणि ही समाजसेविका एकमेकींना भेटल्या असत्या तर त्यांना ओळख करून द्यावी लागली नसती.

आणि एवढं नेमकं पकडल्यावर सिनेमा काय करतो? हातात पिस्तूल देतो. औषधं बंद, आणि खून, पुन्हा खून, मग टीव्हीच्या स्टुडिओत सर्वांदेखत खून. हेळसांडीचा निषेध करता करता सिनेमा प्रेक्षकांच्या मनातल्या जुन्याच भीतीला खतपाणी घालतो : हे लोक धोकादायक असतात, गोळी चुकली की सुटतात. हे नुसतं माझं मत नाही. २०२० मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. १६४ लोकांपैकी काहींना ‘जोकर’ दाखवला, काहींना त्याच सुमाराचा ‘टर्मिनेटर’. ‘जोकर’ बघून आलेल्यांच्या मनात मानसिक आजार असलेल्यांबद्दलचा पूर्वग्रह वाढलेला दिसला. ‘टर्मिनेटर’वाल्यांच्या मनात तसा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेची शिकार होण्याची शक्यता जास्त असते, हे मनोविकारतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत आणि सिनेमाच्या तीन तासांपुढे त्यांचं काही चालत नाही.

पुढची गंमत आणखी बोलकी आहे. २०२४ मध्ये ‘जोकर’चा दुसरा भाग आला. त्यात आर्थर कोठडीत आहे, खटला चाललाय, आपण कुणी महानायक नाही असं तो शेवटी कबूल करतो. सिनेमा सपशेल आपटला. तो कंटाळवाणा होता हेही खरंच. पण पहिल्या भागाला टाळ्या वाजवणाऱ्यांना सूड घेणारा हवा होता, तो खाली बसून नुसता आजारी माणूस झाला तेव्हा त्यांनीही तिकीट काढलं नाही. अनास्था पडद्यावर दाखवून ती प्रेक्षागृहात संपत नाही, असा याचा अर्थ मी लावतो.

सिनेमाचे परिणाम दवाखान्यात दिसतात, तेही असेच आडून. मामाच्या फाइलची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाह्यरुग्ण विभागात बसायची वेळ माझ्यावरही अनेकदा आली. एकदा बाकावर शेजारी एक गृहस्थ होते, मुलगी आत तपासणीला गेलेली. खाणंपिणं सोडून अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी बहुधा इसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याची उपचारपद्धती, सुचवली असावी. ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘शॉक नाही ना देणार? तसलं पाहिलंय हो मी.’ कुठे पाहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) त्यांनी पाहिला असण्याचा संभव कमीच, पण त्या सिनेमातलं ते दृश्य, शुद्धीत असलेल्या माणसाला आडवा पाडून शिक्षा म्हणून दिलेला झटका, तिथून निघून आपल्या कितीतरी हिंदी सिनेमांत येऊन राहिलं आहे. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय अशी उपचारपद्धती वापरायला त्यात बंदी आहे. रुग्णाला साखळदंड घालायलाही बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून सरकारने त्याची काळजी घ्यावी, असं कलम ११५ सांगतं. एवढा मोठा बदल झाला, पण पडद्यावरचे डॉक्टर अजून जुन्याच काळात बटण दाबतायत.

साखळदंडाचं मात्र उलटं आहे. सिनेमात साखळी दिसली की आपण तिला प्रतीक समजतो, भडक दिग्दर्शन म्हणून नाक मुरडतो. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी ‘घरं’ होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली असल्याने पळू शकली नाहीत. २८ जण गेले. त्यांना तिथे कुणा खलनायकाने डांबलं नव्हतं. बहुतेकांना नातेवाइकांनीच आणून सोडलं होतं, बरं वाटावं या आशेने, किंवा आता आपल्याच्याने होत नाही म्हणून. या दोन कारणांतली सीमारेषा किती पुसट असते हे ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांना विचारा. ‘दामिनी’त (१९९३) नायिकेला वेडी ठरवायला मनोरुग्णालयात धाडतात, तिथे कट असतो, पैसा असतो, वकील असतो. कट असला की प्रेक्षकाला सोयीचं जातं. एरवाडीत कट नव्हता.

मग आपल्याकडे कुणी नीट काही केलंच नाही का? केलं आहे, आणि ते मराठीत केलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४). सुमित्राताई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, शिकवायच्याही. त्यामुळे असेल, पण त्यांच्या सिनेमात रुग्णाच्या भोवतीची माणसं कधी धूसर झाली नाहीत. अतुल कुलकर्णींचा शेष कोकणातल्या आपल्या देवराईत गुंतलेला आहे. त्याला दिसणारं-ऐकू येणारं जग त्या झाडांतूनच उगवतं, आणि दिग्दर्शक आपल्याला ते भयपटासारखं दाखवून दचकवत नाहीत. पण माझ्यासाठी सिनेमा सोनाली कुलकर्णीच्या सीनाचा आहे. ती भावाला आपल्या संसारात आणते. नवरा समजूतदार आहे, घरात मूल आहे, आणि तरीही घराचा श्वास अडकलेला आहे. मावशीने हा सिनेमा टीव्हीवर पाहिला. शेषबद्दल ती काही बोलली नाही. जाहिराती लागल्या तेव्हा एवढंच म्हणाली, ‘ही बाई झोपते कधी?’ समीक्षकांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं, हा प्रश्न कुणी विचारलेला आढळला नाही.

त्याच जोडीच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं. मनोविकारतज्ज्ञ असलेले मोहन आगाशे त्याच्या निर्मितीत होते आणि त्यात त्यांनी कामही केलं आहे. जीव द्यायला निघालेला एक मुलगा, त्याला आसरा देणारी जानकी, जी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, आणि समुद्रकाठी कासवांची अंडी राखणारी मंडळी. त्या मुलाला कुणी ‘का?’ विचारत नाही. नाव, गाव, कारण, काहीच नाही. आपल्या सिनेमाला कारणाचा भारी सोस. प्रेमभंग, बालपण, अपघात, काहीतरी एक दाखवलंच पाहिजे, म्हणजे ते कारण दूर झालं की आजार दूर. ‘कासव’ त्या वाटेला जात नाही आणि इथेच तो इतरांच्या खूप पुढे जातो. माझी एक तक्रार आहे तरी सांगून टाकतो. जानकीकडे गाडी आहे, ड्रायव्हर आहे, समुद्राजवळ ऐसपैस घर आहे. एकटं सोडायचं तर वेगळी खोली लागते. एकाच खोलीत पाच माणसं राहत असतील तर रुग्णाला शांतता आणि बाकीच्यांना झोप एकाच वेळी कशी द्यायची, यावरचा सिनेमा अजून यायचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. समुद्रकाठचं घर त्यांच्यातल्या कितीजणांकडे असेल?

मला स्वतःला बघायचा आहे तो सिनेमा बरा झालेल्या माणसाचा. तो बरा आहे, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, आणि तरी वर्षानुवर्षं रुग्णालयातच आहे, कारण न्यायला कुणी येत नाही. ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०२३ च्या सुरुवातीला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातल्या ४६ सरकारी मनोरुग्णालयांची अवस्था अमानुष असल्याचं म्हटलं, त्यात बऱ्या झालेल्यांना ठेवून घेण्याचाही मुद्दा होता. त्याआधी सर्वोच्च न्यायालयानेही अशांच्या पुनर्वसनाबद्दल सरकारांना धारेवर धरलं आहे. दुसऱ्या टोकाला डॉ. भरत वाटवानी आहेत, ज्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचं, कर्जतच्या केंद्रात उपचार करायचे, पत्ता आठवला की घरी पोहोचवायचं, हे त्यांचं काम. त्यातलं पोहोचवणं मला नेहमी सिनेमासारखं वाटत आलं आहे.

तर समजा, एक समाजसेविका एका बऱ्या झालेल्या माणसाचा जुना पत्ता शोधत जाते. घर विकलेलं. शेजाऱ्यांकडून भावाचा नंबर मिळतो. भाऊ आधी फोन ठेवून देतो, मग स्वतःच परत करतो. दोघं समोरासमोर बसतात. निर्माता पटकथा वाचून विचारेल, यात खलनायक कोण? भाऊ म्हणावं, तर त्याने बारा वर्षं याला सांभाळलंय, त्यापायी एक नोकरी घालवली आहे, आई त्याच्याकडेच वारली. तो समाजसेविकेला विचारतो, ‘परत बिघडला तर रात्री दोन वाजता मी कुणाला फोन करू? तुम्ही उचलाल?’ तिच्या रजिस्टरमध्ये याच्यासारखी आणखी पुष्कळ नावं आहेत आणि हे तिला त्याला सांगता येत नाही. या दृश्यात कॅमेरा कुणाच्या बाजूने लावायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोघांना एकाच चौकटीत घ्यावं लागेल, आणि शॉट मध्ये कापायचा नाही.